‘थांबवू शकेल’ आणि ‘थांबेल’ : दोषी ठरलेल्या आमदारांच्या पेन्शनविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका गृहस्थांचे वडील महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सेवेत असतानाच्या लाचेच्या प्रकरणात निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांना शिक्षा झाली, आणि अपील प्रलंबित असतानाच शासनाने त्यांचे निवृत्तिवेतन मोठ्या प्रमाणात कमी करण्याचा आदेश काढला. मुलगा विचारतो, ‘हाच न्याय गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माजी आमदारांना का लागत नाही? विधिमंडळाने एका ओळीची दुरुस्ती केली तर त्यांची पेन्शन बंद होणार नाही का? आणि ती होत नसेल तर उच्च न्यायालयात जनहित याचिका करता येईल का?’

मी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सुमारे तीस वर्षे सेवाविषयक आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणे चालवतो. माझ्या पक्षकारांमध्ये तलाठी, शिक्षक, पोलीस हवालदार आणि त्यांच्या विधवा असतात. आमदार आजवर एकही आलेला नाही. त्यामुळे या प्रश्नाकडे मी कारकुनाच्या बाजूने पाहतो, हे आधीच सांगून टाकतो. मला या प्रश्नाचा गाभा ‘पेन्शन काढून घ्यावी की नाही’ एवढाच वाटत नाही. ती काढून घेण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे आणि त्यात घटनेची मोठी अडचण नाही. ती कोणत्या क्षणी थांबावी, कोणत्या गुन्ह्यासाठी थांबावी, आणि मुख्य म्हणजे थांबवणारा हात कोणाचा असावा, यांत खरी अडचण आहे. एका ओळीची दुरुस्ती जरूर करता येईल. मात्र त्या ओळीत ‘शासन पेन्शन थांबवू शकेल’ असे लिहिले की काय होते, हे मी कारकुनांच्या बाबतीत पाहिलेले आहे, आणि आमदारांच्या बाबतीत त्याहून वाईट होईल अशी मला खात्री आहे.

आधी तुमच्या वडिलांना लागू झालेला नियम पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम २६ असे सांगतो की, निवृत्तीनंतरची चांगली वर्तणूक ही प्रत्येक निवृत्तिवेतनामागची गृहीत अट आहे. निवृत्तिवेतनधारक गंभीर गुन्ह्याबद्दल दोषी ठरला किंवा गंभीर गैरवर्तनाबद्दल दोषी आढळला, तर शासन लेखी आदेशाने ते पूर्ण किंवा अंशतः, कायमचे किंवा ठरावीक काळासाठी रोखू शकते वा काढून घेऊ शकते. त्याच्या पुढचा नियम २७ हा सेवाकाळातील गंभीर गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा विभागीय वा न्यायालयीन कार्यवाहीत सिद्ध झाल्यास लागू होतो. आणि निवृत्तीच्या दिवशी अशी कार्यवाही प्रलंबित असेल, तर नियम १३० नुसार तात्पुरते निवृत्तिवेतन मिळत राहते, उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र निकालापर्यंत अडकून पडते. हे तीन नियम एकत्र वाचले तर त्यांतली रचना दिसते: आरोप आहे तोवर पोटापुरते चालू ठेवा, दोष सिद्ध झाला की निर्णय घ्या, आणि निर्णय घेताना निकालपत्र वाचा.

कागदावर ही रचना समंजस आहे. व्यवहारात काय होते, याचे एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पूर्व विदर्भातल्या एका तलाठ्याचे प्रकरण आले. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी पाचशे रुपये घेताना तो सापळ्यात सापडला, निवृत्तीच्या सुमारास त्याला शिक्षा झाली आणि निवृत्तिवेतन रोखले गेले. अपिलाचा निकाल यायला नऊ वर्षे लागली आणि तो निर्दोष सुटला. थकबाकी मिळाली, पण व्याज नाकारले गेले, त्यासाठी दुसरी याचिका करावी लागली, आणि तिचा निकाल लागला तेव्हा तो माणूस हयात नव्हता. त्याच काळात, त्याच विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला याहून बऱ्याच मोठ्या रकमेच्या प्रकरणात शिक्षा झाली होती, आणि त्याच्या निवृत्तिवेतनाविषयीची फाईल मंत्रालयात ‘अभिप्रायार्थ’ फिरत राहिली. तोवर दर महिन्याच्या एक तारखेला त्याच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होत होती. नियम एकच होता. त्यातल्या ‘शकते’ या क्रियापदाने दोघांना दोन ठिकाणी नेऊन ठेवले. हे उदाहरण लक्षात ठेवा, कारण पुढे मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आता आमदारांकडे वळू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९५ मध्ये विधिमंडळ सदस्यांचे वेतन आणि भत्ते विधिमंडळाने कायद्याने ठरवावेत असे म्हटले आहे. पेन्शन हा शब्द तिथे नाही. संसदेने खासदारांच्या १९५४ च्या कायद्यात पेन्शनचे कलम १९७६ मध्ये घातले, आणि महाराष्ट्राचा विधिमंडळ सदस्यांच्या निवृत्तिवेतनाचा कायदाही १९७६ चाच आहे. २०१६ च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रातील माजी आमदाराला महिन्याला ५०,००० रुपये आणि पाच वर्षांपुढील सदस्यत्वाच्या प्रत्येक वर्षासाठी आणखी २,००० रुपये, असा हिशेब आहे; म्हणजे तीन पूर्ण मुदती केलेल्या सदस्याला ७०,००० रुपये. माजी खासदाराची मूळ पेन्शन १ एप्रिल २०२३ पासून ३१,००० रुपये झाली आहे. जो दोन्हीकडे राहून आला त्याची दोन्ही खाती वेगळी चालतात, आणि मुंबईने किंवा नागपूरने केलेला कायदा दिल्लीच्या खात्याला हात लावू शकत नाही, कारण तो विषय संसदेचा आहे. या सगळ्या कायद्यांत पेन्शनचा पाया सदस्यत्व भोगलेले असणे हा आहे. वर्तणूक ही गृहीत अट कारकुनाच्या नियमात आहे. लोकप्रतिनिधींच्या कायद्याचा पाया घालताना ती घेतली गेली नाही, आणि तुमचा राग नेमका इथे आहे. तो रास्त आहे.

हा राग न्यायालयापर्यंत गेलेला आहे. माजी खासदारांच्या पेन्शनलाच आव्हान देणारी लोक प्रहरी या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०१८ रोजी फेटाळली. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने पेन्शन द्यावी का आणि किती द्यावी, हा विधिमंडळाच्या धोरणाचा प्रश्न मानला. अनेकांनी हा निकाल पराभव म्हणून वाचला. मी तो थोडा वेगळा वाचतो: पेन्शन देणे हा जर धोरणाचा विषय असेल, तर ती कोणत्या अटीवर द्यावी, हाही धोरणाचाच विषय ठरतो, आणि अट घालणारा कायदा टिकवण्यासाठी हाच निकाल उपयोगी पडेल.

विरुद्ध बाजूने नाकरा प्रकरणाचा आधार घेतला जाईल. १७ डिसेंबर १९८२ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहरबानी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे असे सांगितले, आणि म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. (नागपुरात त्या सुमारास बहुधा हिवाळी अधिवेशन सुरू असते, आणि यशवंत स्टेडियमवरून निघालेला जुन्या पेन्शनचा मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवलेला असतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन नाही आणि त्याचा मोर्चा अडवून आत बसलेल्याला आहे, हे दृश्य तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त बोलके आहे.) २०१३ मध्ये झारखंड राज्याच्या एका प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, निवृत्तिवेतन ही अनुच्छेद ३००-क खालील मालमत्ता आहे आणि कायद्याचा आधार नसताना केवळ प्रशासकीय सूचनेवरून ते रोखता येत नाही. मात्र हा निकाल शेवटपर्यंत वाचला की आपल्या मुद्द्याला तो मारक ठरत नाही. ‘कायद्याच्या आधाराशिवाय’ हे त्यातले महत्त्वाचे शब्द आहेत. म्हणजे अध्यक्षांच्या तोंडी आदेशाने किंवा सचिवालयाच्या परिपत्रकाने आमदाराची पेन्शन थांबणार नाही, पण विधिमंडळाने रीतसर केलेल्या दुरुस्तीने थांबेल.

जनहित याचिकेविषयी म्हणूनच मी निरुत्साही आहे. न्यायालय विधिमंडळाला अमुक कायदा करा असा आदेश देत नाही. कर्मचाऱ्याला एक नियम आणि आमदाराला दुसरा म्हणून समानतेचा भंग झाला, असा युक्तिवाद करता येईल, परंतु शासकीय सेवक आणि निवडून आलेला सदस्य हे दोन वेगळे वर्ग आहेत, एवढ्या एका उत्तरावर ती याचिका निकालात निघण्याचा संभव मोठा आहे. अशी याचिका फेटाळली गेली की पुढे दहा वर्षे प्रत्येक जण तो निकाल समोर धरतो. याचिकेतून काही साधायचेच असेल तर आधी हातात कागद असावेत, त्याविषयी शेवटी सांगतो.

कोणता गुन्हा गंभीर मानावा? अनेक जण सुचवतात तसे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ मधील यादी जशीच्या तशी उचलावी, हा सोपा मार्ग आहे. त्या कलमात काही गुन्ह्यांसाठी नुसती दोषसिद्धी पुरे होते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, बलात्कार आणि समाजात वैर वाढवणे हे गुन्हे त्यात येतात. काहींसाठी सहा महिन्यांची शिक्षा लागते, आणि उरलेल्या सगळ्या गुन्ह्यांसाठी दोन वर्षांची. अडचण या शेवटच्या भागात आहे. बदनामीच्या गुन्ह्याला कमाल दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि मार्च २०२३ मध्ये सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना ती संपूर्ण दिल्यामुळे त्यांची खासदारकी गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ती परत आली. विदर्भात दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. कापसाच्या किंवा संत्र्याच्या भावासाठी तहसीलदाराच्या दालनात घुसलेल्या कार्यकर्त्यावर भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३५३, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे १३२, लागतेच. तो पुढे आमदार झाला आणि वीस वर्षांनी त्या आंदोलनाची शिक्षा लागली, तर त्याची पेन्शन लाच घेणाऱ्याच्या पेन्शनइतकीच जावी, हे मला पटत नाही. यादी स्वतंत्र असावी, छोटी असावी, आणि तिच्यात लाच, सार्वजनिक पैशाचा अपहार, खून, बलात्कार, अपहरण आणि दहशतवादी कृत्ये असे नाव घेऊन सांगितलेले गुन्हे असावेत. नैतिक अधःपतनाचे गुन्हे असा मोघम शब्दप्रयोग कायद्यात घातला की त्याचा अर्थ लावण्यातच माझ्यासारख्या वकिलांची घरे चालतात.

क्षणाचा प्रश्न याहून अवघड आहे. आपल्याकडे खटल्याला लागणारा वेळ हीच एक शिक्षा आहे, आणि कधी कधी तेच एक बक्षीसही असते. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे गैरव्यवहाराचे प्रकरण २००२ चे. त्यात बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांना नागपूरच्या न्यायालयाने २२ डिसेंबर २०२३ रोजी पाच वर्षांची शिक्षा सुनावली. मध्ये एकवीस वर्षे गेली, आणि त्या काळात ते आमदार होते, मंत्रीही झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालामुळे अपिलाची वाट न पाहता त्यांचे सावनेरचे सदस्यत्व लगेच गेले. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला, आणि जुलै २०२४ मध्ये दोषसिद्धीला स्थगिती देण्यास नकार दिला. इथे सामान्य वाचकाची नेहमी गल्लत होते, म्हणून थांबून सांगतो. शिक्षेला स्थगिती मिळाली की माणूस तुरुंगाबाहेर येतो, एवढेच. तो दोषी ठरलेला असतोच. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली तरच अपात्रता थांबते, आणि ती न्यायालये क्वचित देतात. पेन्शनचा कायदा करताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडले, तर प्रत्येक दोषी माणूस जामिनाचा आदेश दाखवून पेन्शन घेत राहील.

जळगावच्या घरकुल प्रकरणाने, म्हणजे घरबांधणी योजनेतल्या गैरव्यवहाराच्या खटल्याने, दुसरी बाजू दाखवली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटी रुपयांचा दंड सुनावला, तेव्हा ते आमदार नव्हते. २०१४ ची निवडणूक ते हरले होते. म्हणजे ज्या अपात्रतेच्या बळावर आपण ‘दोषी आमदाराची खुर्ची जाते’ असे म्हणतो, ती खुर्ची सोडून गेलेल्याला जवळजवळ शिवत नाही. तो फक्त पुढची निवडणूक लढवू शकत नाही. दोन्ही प्रकरणांत दोषसिद्धीविरुद्ध अपिले झाली आहेत आणि त्यांच्या गुणदोषांवर मला इथे काही म्हणायचे नाही. मुद्दा असा की, खटले विलंबाने संपत असल्यामुळे दोषी ठरताना बरेचसे लोकप्रतिनिधी ‘माजी’ झालेले असतात, आणि ‘माजी’ माणसाच्या हातात पदामुळे आलेली अशी एकच गोष्ट दरमहा उरते, ती म्हणजे पेन्शन.

मग पहिल्या निकालाला पेन्शन बंद करावी की शेवटच्या? पहिल्याला कायमची जप्त केली तर माझ्या तलाठ्याचे झाले तेच होईल. शेवटच्या निकालापर्यंत थांबलो तर बहुतेकांच्या बाबतीत काहीच होणार नाही, कारण तोवर माणूस ऐंशी वर्षांचा झालेला असतो किंवा गेलेला असतो. माझे मत असे आहे की, पहिल्या दोषसिद्धीला पेन्शन निलंबित व्हावी, जप्त होऊ नये. निलंबनाच्या काळात नियम १३० च्या धर्तीवर एक किमान रक्कम चालू राहावी, उरलेली कोषागारात वेगळी साठत जावी. अपिलात दोषसिद्धी कायम झाली की साठलेली रक्कम शासनजमा व्हावी, आणि निर्दोष सुटला तर व्याजासह त्याला परत मिळावी. व्याजाचा शब्द कायद्यातच हवा, नाहीतर त्यासाठी वेगळी याचिका लागते. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली तर निलंबन त्या काळापुरते उठावे. यात कोणाच्याही तोंडचा घास काढला जात नाही, आणि अपील लांबवण्यात दोषी माणसाचा आज जो फायदा असतो तोही राहत नाही. उलट साठलेली रक्कम लवकर हाती यावी म्हणून तोच तारीख मागून घेऊ लागेल. माझ्या दृष्टीने या रचनेचा हा सर्वात मोठा व्यावहारिक लाभ आहे.

आता थांबवणाऱ्या हाताविषयी, ज्यासाठी मी एवढे लांबचे वळण घेतले. कर्मचाऱ्यांच्या नियमात निर्णय शासनाकडे आहे. त्यामागे तर्क असा की, गुन्ह्याचे स्वरूप, सेवेची वर्षे, घरची स्थिती पाहून थोडी दया दाखवता यावी. व्यवहारात ती दया ओळखीच्या माणसाला मिळते, हे सांगून झाले. आमदाराच्या बाबतीत शासन म्हणजे त्याचा पक्ष किंवा त्याचा विरोधी पक्ष. तिसरे काही नसते. त्याचा पक्ष सत्तेत असेल तर फाईल हलणार नाही, आणि विरोधक असेल तर निकालाची शाई वाळण्याआधी आदेश निघेल. सरकार बदलले की आदेश मागे घेतला जाईल. हा माझा कल्पनाविलास नाही. हिमाचल प्रदेशात फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्ताधारी काँग्रेसच्या सहा आमदारांनी राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाविरुद्ध मतदान केले, पुढे पक्षादेश मोडल्याबद्दल ते अपात्र ठरले, आणि सप्टेंबरमध्ये त्याच विधानसभेने पक्षांतरबंदीखाली अपात्र ठरलेल्यांची पेन्शन बंद करणारे विधेयक मंजूर केले. पक्षांतराची मलाही चीड आहे, आणि महाराष्ट्रात राहून ती नसणे कठीण आहे; पण ज्यांनी सरकार धोक्यात आणले त्यांची पेन्शन त्याच वर्षी त्याच बहुमताने काढावी, यात कायद्यापेक्षा हिशेब चुकता करण्याचा वास जास्त येतो. लक्षात घ्या, खून किंवा लाच यांसाठी असे विधेयक तिथे आले नव्हते.

म्हणून दुरुस्तीच्या त्या एका ओळीत शासन, सभापती, अध्यक्ष यांपैकी कोणीही कर्ता नसावा. ‘अनुसूचीतील गुन्ह्यासाठी दोषी ठरल्याच्या दिनांकापासून पेन्शन निलंबित राहील’ असे वाक्य हवे. निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयाने थेट विधानमंडळ सचिवालयाकडे आणि कोषागाराकडे पाठवावी आणि पुढच्या महिन्याचे देयक आपोआप कमी निघावे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला नाही तर माझ्या विधवा पक्षकारांची पेन्शन थांबवायला कोषागाराला कोणत्याही मंत्र्याच्या सहीची गरज पडत नाही. तितकेच यांत्रिकपणे हेही व्हावे.

कुटुंबाचा प्रश्न राहतो. माजी आमदाराच्या मृत्यूनंतर जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. नवऱ्याच्या गुन्ह्यासाठी बायकोला उपाशी ठेवू नये, हे मी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांत वारंवार मांडत आलो आहे, तेव्हा आमदाराच्या पत्नीसाठी मला वेगळे बोलता येणार नाही. अमेरिकेच्या संघराज्याच्या २००७ च्या कायद्यात भ्रष्टाचाराच्या ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या काँग्रेस सदस्याची त्या सेवेवरची पेन्शन जाते, पण त्याने स्वतः भरलेली वर्गणी परत मिळते, आणि पती, पत्नी वा मुलांसाठी न्यायाच्या दृष्टीने काही रक्कम ठेवण्याची वाट आहे. आपल्याकडील लोकप्रतिनिधींच्या पेन्शनमध्ये वेतनातून कपात नसते, त्यामुळे परताव्याचा प्रश्न उद्भवत नाही. कुटुंबाची वाट मात्र घेण्यासारखी आहे. आणखी एक बारीक फट बुजवावी लागेल. अपील चालू असताना दोषी माणूस वारला तर कारावासाविरुद्धचे अपील सामान्यतः तिथेच संपते. जवळच्या नातेवाइकांना तीस दिवसांत परवानगी मागून ते पुढे चालवता येते. साठलेल्या रकमेचे त्या वेळी काय करायचे, हे कायद्याने सांगितले नाही तर वारसांमध्ये आणि शासनामध्ये नवा दावा उभा राहील. माझ्या मते वारसांनी अपील चालवून जिंकले तर रक्कम त्यांची, नाहीतर शासनाची, आणि कुटुंब निवृत्तिवेतन दोन्ही बाबतीत किमान दराने चालू.

मागील प्रभावाने कायदा करावा का, असे पुढे कोणीतरी विचारेलच. अनुच्छेद २०(१) नुसार गुन्हा घडला तेव्हा होती त्याहून जास्त शिक्षा नंतर देता येत नाही. पेन्शन थांबणे ही शिक्षा की पात्रतेची अट, यावर दोन्हीकडून बोलता येते, आणि मी ती अटच आहे असे मांडेन. तरीही पहिलाच कायदा या वादात अडकवण्याचे कारण नाही. अंमलात आल्यानंतरच्या दोषसिद्धीला आणि त्यानंतर देय होणाऱ्या हप्त्यांनाच तो लावावा, आधी दिलेल्या रकमेची वसुली करू नये.

इतके केल्याने राजकारण स्वच्छ होईल असे मी म्हणणार नाही. ज्याच्यावर कोट्यवधींच्या अपहाराचा ठपका आहे त्याला पन्नास हजारांची चणचण भासणार नाही, हे उघड आहे. ज्याची खरोखर अडचण होईल तो एखादा एका मुदतीचा, शेतीवर जगणारा माजी सदस्य असेल. म्हणूनच किमान रकमेचा आग्रह मी धरला. तरीही कायदा करावा असे मला वाटते, कारण तुमच्या वडिलांचा आदेश ज्या नियमाने निघाला, त्या नियमावर देखरेख ठेवणारे सभागृह स्वतःला त्याबाहेर ठेवते, ही गोष्ट कोषागाराच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला रोज कळत असते.

तुम्हाला काही करायचे असेल तर पुढील क्रमाने करा. विधानमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा: दोषसिद्धीमुळे अपात्र ठरलेल्या सदस्यांपैकी किती जणांना पेन्शन मंजूर आहे, आणि दोषसिद्धीची नोंद पेन्शन शाखेकडे पाठवण्याची काही कार्यपद्धती आहे का. नावे मागू नका. नावे मागितली की खाजगी माहिती म्हणून अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. ते उत्तर हातात आले की विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज करता येतो, आणि एखाद्या सदस्याला अशासकीय विधेयक मांडायला राजी करता येते. हिवाळी अधिवेशनात आमदार निवासात सकाळी आठ ते दहा या वेळेत मंडळी भेटतात. सोबत मसुद्याचे एकच पान न्या, जास्त कोणी वाचत नाही.

आणि वडिलांच्या आदेशाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. तो नियम २६ खाली आहे की २७ खाली, हे आधी पाहा, कारण दोन्हींची प्रक्रिया वेगळी आहे. कपात किती काळासाठी आहे हे त्यात लिहिलेले आहे का, उरलेली रक्कम किमान निवृत्तिवेतनाच्या खाली गेली आहे का, आणि आदेशात निकालपत्रातील कारणांचा एक तरी उल्लेख आहे का, हेही तपासा. यांपैकी काहीही चुकले असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठापुढे अर्ज करता येईल, आणि त्याला सामान्यतः एक वर्षाची मुदत असते. आदेश कोणत्या तारखेचा आहे, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेले नाही.